चाकणची गेली, बारामतीची आली: मेहुण्याच्या गाडीबदलाचं प्रकरण

एप्रिल २०२४ मधला रविवार. मेहुण्याने गॅरेजच्या दारात गाडी लावली आणि हेल्मेट काढायच्या आतच विचारलं, "दाजी, ही केटीएम आरसी विकायची आहे. किती येतील?"

पुण्यात धनकवडीत माझं छोटं गॅरेज आहे, त्यामुळे हा प्रश्न मला नवीन नाही. गाडी काढायला निघालेल्या बहुतेकांना गाडी नकोशी झालेली नसते, तिची दुखणी नकोशी झालेली असतात, आणि दुखणं गाडीचं की चालवणाऱ्याचं हे कोणी तपासलेलं नसतं. म्हणून पैशांचं काही न बोलता मी त्याला स्टूल दिलं आणि चहा सांगितला. पुढचे सहा महिने जे झालं ते सविस्तर लिहितोय, कारण एका स्पोर्ट बाइकवरून दुसऱ्या स्पोर्ट बाइकवर जाणारे बरेच जण यातल्या निम्म्या पायऱ्या गाळतात.

गाडी होती २०१६ ची केटीएम आरसी ३९०, पहिल्या पिढीतली. मीटरवर ४१,००० किलोमीटर. मेहुणा ३३ वर्षांचा, उंची पाच फूट सात इंच, वजन ७८ किलो (त्याच्या म्हणण्यानुसार ७४). राहायला कात्रजला, नोकरी हिंजवडीत. रोज बायपासने जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर होतात. महिन्यातल्या दोन रविवारी घाट: ताम्हिणी, पसरणी, कधी भोरवरून वरंध. रेसच्या ट्रॅकवर तो उभ्या आयुष्यात गेलेला नाही आणि जायचा विचारही नाही. ही शेवटची गोष्ट लक्षात असू द्या.

तक्रारी त्याच्याच शब्दांत: "मनगटं दुखतात. वाकडच्या गर्दीत पाय भाजतात. चार हजार आरपीएमच्या (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या) खाली गाडी झटके देते. घाटात पूर्वीसारखी वळत नाही, ढकलावी लागते. आणि बायको मागे बसत नाही."

शेवटची तक्रार मी तिथेच बाजूला ठेवली. स्पोर्ट बाइकच्या मागच्या सीटवर नवरा-बायकोचं एकमत झालेलं मी अजून पाहिलेलं नाही. उरल्या चार.

आधी जुनीच गाडी

मी अट घातली: पंचवीस हजारांच्या आत ही गाडी मी ठीक करतो, ती महिनाभर चालव, त्यानंतर काढायची असेल तर खुशाल काढ. तो कुरकुरला. "विकायच्या गाडीवर खर्च कशाला?" पण ताईच्या नवऱ्यापुढे किती बोलणार!

'वळत नाही' ही तक्रार मला सगळ्यात रंजक वाटली. आरसी ३९० ही आखूड, चपळ गाडी. व्हीलबेस, म्हणजे दोन चाकांमधलं अंतर, १३४० मिलिमीटर, काही न भरता वजन १४७ किलो. अशी गाडी वळत नसेल तर कुठेतरी काहीतरी झिजलेलं असणार. मागच्या टायरवरचा चार आकडी शिक्का पाहिला: ३४१८. म्हणजे २०१८ चा चौतिसावा आठवडा, टायर साडेपाच वर्षांचा. नक्षी बऱ्यापैकी शिल्लक होती, त्यामुळे टायर गोटा झालाय असं कोणी म्हटलं नसतं. पण बायपासवर रोज सरळ पळून तो मधोमध सपाट आणि कडेला उभा झाला होता. असा चौकोनी झालेला टायर वळणात आधी झुकायला नकार देतो आणि कड ओलांडली की एकदम आत पडतो. चालवणाऱ्याला वाटतं, गाडी म्हातारी झाली.

पुढचं चाक उचलून हँडल फिरवलं तर मध्यावर बारीक खटका लागत होता. कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेलेला. फोर्कमधलं, म्हणजे पुढच्या शॉकअपमधलं, तेल कधी बदललं होतं ते त्याला आठवेना, आणि काढल्यावर ते गटारातल्या पाण्यासारखं निघालं. मागच्या शॉकअपचा प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) इतकी वर्षं कोणी हलवलेलाच नव्हता. प्रीलोड कमी आणि माणूस वजनदार असला की गाडीचं बूड खाली बसतं, पुढचा भाग वर उठतो आणि हँडल आळशी होतं. चेनही एका जागी ताठ, दुसऱ्या जागी ढिली. म्हणजे चेन-स्प्रॉकेटचा सेट बदलायलाच हवा होता.

मनगटांसाठी मी स्पॅनरशिवाय काही वापरलं नाही. त्याला गाडीवर बसवलं, हात नेहमीसारखे ठेवायला सांगितले. क्लच आणि ब्रेकचे लिव्हर जवळजवळ आडवे होते, म्हणजे बोटं लिव्हरवर ठेवायला दर वेळी मनगट मागे मोडावं लागत होतं. लिव्हर खाली फिरवले, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक सरळ रेषा येईल इतके. क्लचची केबल सुकलेली होती, तिला तेल दिलं. मग सांगितलं की टाकी गुडघ्यांनी धर आणि हँडलवर टेकू नकोस. कोपरं कडक करून शरीराचा सगळा भार तळव्यांवर टाकणं ही स्पोर्ट बाइकवाल्यांची सार्वत्रिक खोड आहे. त्यात गाडी बिचारी काय करणार?

महिन्याने तो परत आला. वळणाची तक्रार पूर्ण संपली होती. "पसरणीत नव्यासारखी झुकते, दाजी." मनगटांचं दुखणं निम्म्यावर आलं होतं. उष्णतेत काही फरक नव्हता. झटके चेन बदलल्याने थोडे सौम्य झाले होते, गेले मात्र नव्हते.

तरीही त्याला गाडी बदलायचीच होती. पण आता प्रश्न बराच नेमका झाला होता.

हिशेब कुठल्या आकड्यांचा

गाडी बदलायची म्हटलं की लोक ताकदीच्या कमाल आकड्यापासून सुरुवात करतात. हाही करत होता. म्हणून मी त्याला दोन आठवड्यांचा गृहपाठ दिला: ऑफिसला पोचल्यावर खिशातल्या वहीत लिहायचं, नवले पुलापासून वाकडपर्यंत गाडी बहुतेक वेळ कुठल्या गिअरला आणि किती आरपीएमला होती. काटेकोर मोजमाप नको, अंदाज चालेल.

वहीत जे आलं ते पाहून तोच गप्प झाला. ऑफिसच्या दिवसांत गाडी बहुतेक वेळ तीन ते पाच हजारांच्या मध्ये. सात हजारांच्या वर सुई गेली ती कधीमधी, ओव्हरटेक करताना. आणि हे साहजिकच आहे. २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे चौपदरी, दुभाजक असलेल्या रस्त्यावर दुचाकीला कमाल वेग ८०, महापालिका हद्दीत ६०. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर दुचाकीला मज्जावच. नवले पुलाच्या उतारावर किती अपघात होतात ते पुणेकरांना वेगळं सांगायला नको. मग दहा हजार आरपीएम गाठणार कुठे आणि कशाला?

आरसी ३९० चं इंजिन एका सिलिंडरचं, ३७३ सीसीचं. पिस्टन ८९ मिलिमीटर व्यासाचा, स्ट्रोक, म्हणजे त्याची वर-खाली फेरी, ६० चा. म्हणजे पिस्टन थाळीसारखा रुंद आणि आखूड फेऱ्या मारणारा. अशा इंजिनाला फिरायला आवडतं. त्याचा ३५ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे ओढ, ७,२५० आरपीएमला मिळतो. फोर-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांमागे एक ठिणगी, त्यामुळे ३,००० आरपीएमला सिंगल सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ स्फोट होतात. एक स्फोट झाला की चेन ताणते, पुढचा होईपर्यंत ढिली पडते, परत ताणते. वाकडच्या गर्दीत तिसऱ्या गिअरला जे झटके बसतात ते हेच. त्याला दोष म्हणता येणार नाही, हलक्या वजनाच्या, वर फिरण्यासाठी बांधलेल्या मोठ्या सिंगलचा तो स्वभाव आहे. स्वभावाला औषध नाही. दुसऱ्या गिअरला राहा, नाहीतर दोन सिलिंडरची गाडी घ्या.

त्यामुळे यादीतल्या काही गाड्या आपोआप गळल्या. नवी आरसी ३९० चांगली आहे, टाकी १३.७ लिटरची झाली, क्लच न दाबता गिअर बदलू देणारा क्विकशिफ्टर आला, पण सिलिंडर एकच. टीव्हीएसची अपाचे आरआर ३१० बसायला सोपी, सीट ८१० मिलिमीटरवर, पण तिथेही एकच सिलिंडर. यामाहाची आर३ दोन सिलिंडरची आणि सुरेख, पण डिसेंबर २०२३ मध्ये ती परत आली तेव्हा एक्स-शोरूम ४.६५ लाखांना होती. ३२१ सीसीला तेवढे मोजायला त्याचं मन होईना, माझंही झालं नसतं. राहिल्या दोन: कावासाकी निन्जा ३०० आणि नवी आलेली एप्रिलिया आरएस ४५७.

आता खरं सांगतो. मला त्याने निन्जा घ्यावी असं वाटत होतं. २०१३ पासून ती आपल्या रस्त्यांवर आहे, तिची नस न् नस माहीत. सीट खाली, हँडल बऱ्यापैकी वर, टाकी १७ लिटरची. सकाळी कात्रजहून निघालं तर कोकणात उतरून परत येईपर्यंत पंपाची आठवण नको. विम्यातही फायदा. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम भरावा लागतो. तेव्हाच्या दराने १५० ते ३५० सीसीला तो ७,३६५ रुपये, ३५० च्या वर १५,११७. (हे दर जीएसटी सोडून.) थेट दुप्पट. आणि गाडीची किंमतही बरीच कमी.

त्याने निन्जा चालवली, अर्ध्या तासाने परत आला. "गाडी गोड आहे दाजी, पण हिला चौथ्यात चढावर झोप येते." मला राग आला, पण त्याचं चुकत नव्हतं. निन्जाचा टॉर्क २६ न्यूटन-मीटरच्या आसपास आणि तोही १०,००० आरपीएमला. झटके नाहीत, लोण्यासारखी चालते, पण वहीतल्या त्या तीन ते पाच हजारांच्या पट्ट्यात तिच्यातून ओढ निघत नाही. मी गाडीची टाकी आणि टिकाऊपणा पाहत होतो, त्याची वही मीच लिहायला लावली होती आणि मीच विसरलो होतो.

आरएस ४५७ चे आकडे मांडले तेव्हा एक गंमत दिसली. कमाल ताकद ४७.६ पीएस (म्हणजे घोडे), आरसीची साडेत्रेचाळीस. फरक जेमतेम चार. एवढ्यासाठी कोणी ४.१० लाख (एक्स-शोरूम, सुरुवातीची किंमत) मोजू नयेत. पण टॉर्क ४३.५ न्यूटन-मीटर, ६,७०० आरपीएमला, आणि कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे त्यातला ८२ टक्के ३,००० आरपीएमपासूनच मिळतो. गुणाकार करा: सुमारे साडेपस्तीस. जुन्या गाडीचा जो टॉर्क सव्वासात हजारांवर मिळत होता तेवढा नवी गाडी तीन हजारांवर देऊ करते. आणि सिलिंडर दोन, त्यामुळे त्याच आरपीएमला सेकंदाला २५ ऐवजी ५० स्फोट. क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, २७० अंशांचा असल्याने ते समान अंतराने होत नाहीत, २७० आणि ४५० अंशांच्या अंतराने होतात. म्हणूनच आवाज व्ही-ट्विनसारखा लयीत, किंचित लंगडत येतो. पण चेनला जी उसंत मिळायची ती आता फार मिळत नाही.

बसायच्या ठेवणीत फरक थोडा, पण कामाचा. सीट ८२० वरून ८०० वर. हँडल जुन्या गाडीपेक्षा दोन-तीन बोटं वर आणि जरा जवळ. वजनात मात्र तोटा: काही न भरता १५९ किलो, म्हणजे आरसीपेक्षा १२ जास्त. टाकी सुमारे १० लिटरवरून १३ वर.

तेव्हा करात आजच्याइतका फरक नव्हता हेही नोंदवतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींना १८ टक्के जीएसटी आणि त्यावरच्यांना ४० टक्के झाला आहे. आज तो आला असता तर मी निन्जासाठी आणखी भांडलो असतो, आणि कदाचित जिंकलोही असतो.

घरातलं

सासऱ्यांना समजावणं हा स्वतंत्र अध्याय. एप्रिलिया मूळ इटलीची, पण २००४ पासून पियाजिओची, आणि आरएस ४५७ बनते पियाजिओच्या बारामतीच्या कारखान्यात. हे मेहुण्याने मोठ्या कौतुकाने सांगितलं. सासरे म्हणाले, "म्हणजे आपे रिक्षावाले ना? त्यांच्या गाडीला पाच लाख?" रिक्षा तिथेच बनते हे खरं, त्यामुळे उत्तर देता येईना. मी म्हटलं, "मामा, आधीची चाकणला बनली होती, ही बारामतीला. म्हणजे जिल्ह्याबाहेर पैसा जात नाही." यावर ते हसले आणि विषय संपला. पण विचार केला तर नवल आहेच. बजाजने २००७ मध्ये केटीएममध्ये भागीदारी घेतली, आणि आरसी ३९० चाकणहून जगभर जाऊ लागली. आता बारामतीची गाडी युरोपात विकली जाते. शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या टापूत दोन देशांच्या स्पोर्ट बाइक बनतात आणि आम्ही कात्रजच्या पोराची कुठली घ्यायची यावर वाद घालतो.

जुनी गाडी साताऱ्याच्या एका मुलाने घेतली. टायर, कोनसेट, चेन नवीन असल्याने भाव चांगला आला, म्हणजे मे महिन्यातल्या खर्चाचा बराचसा भाग वसूल झाला. कागदांत दोन गोष्टींवर मी अडून बसलो. पहिली, फॉर्म २९ आणि ३० भरून मालकी बदलल्याची खबर १४ दिवसांच्या आत आरटीओला द्यायची. विकत घेणाऱ्याच्या भरवशावर सोडायचं नाही, नाहीतर साताऱ्यातलं चलान कात्रजला येतं. दुसरी, विम्याचा नो क्लेम बोनस. त्याने इतक्या वर्षांत एकही क्लेम केला नव्हता, त्याचा बोनस ५० टक्क्यांवर पोचला होता. हा बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. जुन्या विमा कंपनीकडून पत्र घेतलं की तो नव्या गाडीच्या ओन डॅमेज (आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या) भागाला लागतो. शोरूममधल्या मुलाने आपणहून हे सांगितलं नाही, मेहुण्यालाही माहीत नव्हतं. नवी गाडी असूनही त्या भागाचा हप्ता निम्मा झाला.

१२ ऑक्टोबर २०२४ ला दसऱ्याच्या मुहूर्तावर गाडी आली. झेंडूचा हार, नारळ, चाकाखाली लिंबू. माझ्या बायकोने हळद-कुंकू लावताना हँडलकडे बघून विचारलं, "म्हणजे आता मनगट दुखणार नाही?" तो म्हणाला, "नाही." ती म्हणाली, "बघू."

पहिले हजार किलोमीटर

खरं प्रकरण इथे आहे, आणि यावर कोणी बोलत नाही. स्पोर्ट बाइकवरून स्पोर्ट बाइकवर जाताना माणूस बेसावध असतो. स्कूटरवरून आलेला घाबरून चालवतो. आठ वर्षं आरसी चालवलेल्या माणसाला वाटतं, आपल्याला येतं. त्याच्या हातापायांना येतं ते जुन्या गाडीचं.

मोठ्या सिंगलमध्ये रेस (ॲक्सिलरेटर) सोडली की गाडी स्वतःहून मागे ओढली जाते. आठ वर्षांत मेहुण्याने नकळत अशी सवय लावून घेतली होती की घाटात वळणाआधी रेस सोडायची, एक गिअर पाडायचा, ब्रेकला नुसतं बोट लावायचं, वेग आपोआप उतरतो. ट्विनमध्ये, म्हणजे दोन सिलिंडरच्या गाडीत, ही ओढ त्याला कमी लागली. दिवाळीनंतरच्या रविवारी पसरणी घाट उतरताना एका डाव्या वळणावर त्याने नेहमीप्रमाणे रेस सोडली आणि गाडी वाहत राहिली. मधल्या पट्ट्याला टेकेपर्यंत बाहेर गेली, समोरून पाचगणीकडे चढणारी एसटी. काही झालं नाही. चालकाने हॉर्न दिला, याने गाडी आत घेतली, वाईत चहाला थांबला आणि मला फोन केला. आवाजावरून कळलं.

मी त्याला म्हटलं, तुझा ब्रेक जागेवर आहे, तुझी खूण चुकतेय. खूण म्हणजे 'इथे रेस सोडायची' ती मनातली जागा. ती अख्ख्या घाटभर जुन्या गाडीची होती. पुढचे चार रविवार त्याने एकच घाट केला, तोच पसरणी, हळू, आणि प्रत्येक वळणाआधी पुढचा ब्रेक ठरवून वापरायचा. सरळ रेषेत ब्रेक, मग झुकवणं. गिअर बदलून वेग उतरवायचा नाही. त्यात तो म्हणतो, पहिल्यांदा त्याला कळलं की आठ वर्षं तो ब्रेक नीट वापरतच नव्हता, गाडीच त्याच्या वतीने वेग उतरवत होती.

रन-इनची, म्हणजे नवं इंजिन रुळेपर्यंतची, मर्यादा इथे वरदान ठरली. सुरुवातीच्या किलोमीटरांना पुस्तिकेत आरपीएमची मर्यादा असते, त्यामुळे वरचा पट्टा बंदच होता. खालच्या-मधल्या पट्ट्यात गाडी काय करते हे शिकण्यावाचून पर्याय नव्हता. नव्या टायरलाही सुरुवातीला वरचा गुळगुळीतपणा असतो, तो जाईपर्यंत झुकवायचं नाही हे मी तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा तो वैतागला.

दुसरी सवय गिअरच्या मोजणीची. जुन्या गाडीवर वाकडच्या पुलाखाली 'दोन' हा गिअर हाताला पाठ होता. नव्या गाडीवर तिथे 'तीन' चालतो, चारही चालतो. महिनाभर तो विनाकारण गिअर पाडत होता आणि मग म्हणायचा, गाडी दचकते. दचकत तो होता.

वर्षभरानंतर

आता गाडी ९,००० किलोमीटर चालली आहे. झटके गेले, हे निर्विवाद. बायपासवर तो आता गिअर कमी बदलतो, ऑफिसला पोचल्यावर डाव्या हाताला मुंग्या येत नाहीत. पावसाळ्यात ताम्हिणीत रेन मोडवर चालवली. पौडच्या पुढे रस्ता शेवाळलेला असतो, तिथे मागचं चाक सुटायला लागलं की ट्रॅक्शन कंट्रोल आवरतं, हे त्याला एकदा जाणवलं. जुन्या गाडीवर हे काम त्याच्या उजव्या मनगटाकडे होतं. एवढ्या किलोमीटरांत मला गाडीवर करायला फारसं काही उरलेलं नाही. हे माझ्या धंद्याला वाईट, पण लिहायला हवं.

उष्णतेचं काही झालं नाही. भूमकर चौकात सात मिनिटं उभं राहिलं की पंखा लागतो आणि गरम वारा मांडीला येतो. पन्नासेक घोड्यांचं, पाण्याने थंड होणारं इंजिन फेअरिंगच्या बंद आवरणात ठेवलं की ती ऊब कुठून तरी बाहेर पडणारच. दोन्ही गाड्यांवर उपाय तोच: जाड पँट, नाहीतर ऑफिसची वेळ बदलणं. त्याने वेळ बदलून घेतली. सकाळी सातला निघतो. हा उपाय त्याला एप्रिलमध्येही करता आला असता.

मनगटांचा निकाल अर्धामुर्धा. रोजच्या पन्नास किलोमीटरला त्रास नाही. पण माणगावपर्यंत जाऊन परत, म्हणजे दोनशेच्या पुढे गेलं की तिसऱ्या तासाला तीच जुनी कळ. माझ्या बायकोने तेव्हा दसऱ्याचा 'बघू' वसूल केला. म्हणाली, "हँडल वर आलं रे, पोट कोण आत घेणार?" बोलणं बोचरं, पण शास्त्रशुद्ध. पुढे झुकलेल्या बैठकीत धड पाठीच्या आणि पोटाच्या स्नायूंनी धरायचं असतं. ते दमले की भार मनगटावर येतो, मग हँडल दोन बोटं वर असो की खाली. जानेवारीपासून तो सूर्यनमस्कार घालतोय. रोज बारा म्हणतो, मला सहाचा संशय आहे.

खर्चाच्या बाजूने बदल महागच पडला. शिवाय केटीएमचं दुकान तालुक्याच्या गावीही सापडतं, एप्रिलियासाठी मोठं शहर गाठावं लागतं. कोकणात किंवा घाटमाथ्यावर लिव्हर तुटला तर काय, याचं उत्तर म्हणून सीटखाली जागा नसल्याने त्याच्या बॅगेत आता जादा लिव्हरची जोडी असते. निन्जा घेतली असती तर हे टळलं असतं का? थोडं. पण चौथ्या गिअरला झोपणाऱ्या गाडीवर तो किती दिवस खूश राहिला असता याची मला खात्री नाही. त्याला ताकद वाढवून हवी होती असं तो म्हणत आला होता, आणि प्रत्यक्षात त्याला ती फक्त खाली सरकवून हवी होती.

मागची सीट अजून रिकामीच आहे. गणपतीत गावाला दोघं त्याच्या बायकोच्या स्कूटरवर गेली.

गेल्या महिन्यात साताऱ्याचा तो मुलगा आरसी घेऊन माझ्याकडे सर्व्हिसिंगला आला. मीटर ४६,००० च्या पुढे. मेहुणा योगायोगाने तिथेच बसला होता. "पाच मिनिटं फिरवून आणू का रे?" असं त्या मुलाला विचारून निघाला तो कात्रजच्या जुन्या बोगद्यापर्यंत जाऊन पंचवीस मिनिटांनी आला. त्या मुलाचा जीव टांगणीला. मेहुण्याने गाडी स्टँडला लावली, हेल्मेट काढलं, काही बोलला नाही. भिंतीवरचा स्पॅनर घेतला आणि क्लचचा लिव्हर हळूच थोडा खाली फिरवला.

"वर केला होता कोणीतरी," एवढंच म्हणाला.